किडे पाळणाऱ्यांचे पोट कशावर चालते?

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत जूनपासून दिवाळीपर्यंत पंधरा-वीस बरण्या मांडलेल्या असतात. काही बरण्यांत कढीपत्त्याच्या डहाळीवर फुलपाखरांच्या अळ्या असतात, काहींत काडीकिडे असतात आणि एका लांबट डब्यात, काळ्या कागदाखाली, मुंग्यांची लहानशी वसाहत असते. घरी आलेला पाहुणा आधी दचकतो, मग वाकून पाहतो आणि चहा संपायच्या आत विचारतो, "ह्येच्यावर पोट भरता काय रे?" प्रश्नात थोडी थट्टा असली तरी तो रास्त आहे. कुत्रा पाळणाऱ्याला किंवा गुलाब लावणाऱ्याला कोणी असे विचारत नाही. किडे पाळणाऱ्याला मात्र विचारतात, जणू असला विचित्र उद्योग माणूस पैशाशिवाय करणारच नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना कीटकांच्या जननापासून कायद्यापर्यंत बऱ्याच गोष्टी उलगडाव्या लागतात, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

थोडक्यात सांगायचे तर किड्यांवर पोट भरत नाही. पोट भरून उरलेल्या वेळात आणि पैशात किडे पोसले जातात. मी स्वतः एका पतपेढीत हिशेब लिहितो. माझ्या ओळखीच्या मंडळींत शाळाशिक्षक आहेत, औषधांचे दुकान चालवणारे आहेत, संगणकावर काम करणारे आहेत, एक दंतवैद्य आहेत आणि हापूसच्या बागा सांभाळणारे दोघे आहेत. त्यांच्यात व्यवसायाने कीटकशास्त्रज्ञ असलेला एकच आहे आणि त्याच्या घरी एकही किडा नाही, कारण दिवसभर प्रयोगशाळेत अळ्या मोजून आल्यावर घरी पुन्हा अळ्या मोजायची त्याला हौस उरत नाही.

ही रीत आजची नाही, आणि तिचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला कारवारात सापडतो. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८९० च्या दशकात तेथे तीन सरकारी नोकर फुलपाखरांच्या अळ्या पाळत होते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे साताऱ्यात जन्मलेले गृहस्थ जकात आणि मीठ खात्यात होते. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. जे. डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर होते आणि टी. आर. बेल वनखात्यात अधिकारी होते. या तिघांनी मिळून उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर सोसायटीच्या नियतकालिकात जी लेखमाला लिहिली, तिचे मोल आजही कमी झालेले नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फुलपाखरू जाळ्यात पकडून टाचणीला टोचले की त्याच्या पंखांचे वर्णन करता येते, परंतु त्याची अळी कोणत्या झाडावर जगते, ती किती वेळा कात टाकते, तिचा कोष कसा दिसतो आणि कोषातून फुलपाखरू किती दिवसांनी बाहेर पडते, हे समजण्यासाठी अंड्यापासून पुढे सारे घरात वाढवून पाहावे लागते. ते काम चिकाटीचे असते आणि त्यात रोजच्या रोज ताजा पाला आणून देणे यापलीकडे फारसे नाट्य नसते. मिठागरांची तपासणी करत खाड्याखाड्यांतून हिंडणारा, जंगल पालथे घालणारा आणि जिल्ह्यात दौरे काढणारा असे तिघे एकत्र आल्यावर पाल्याची आणि अंड्यांची ददात कशी पडणार? नोकरीनेच त्यांना किड्यांपर्यंत पोहोचवले, पगार मात्र मिठाचा, महसुलाचा आणि लाकडाचा होता.

बाहेरच्या देशांतही हेच चित्र दिसते. इंग्लंडचे सर जॉन लबक हे सावकारी पेढीचे मालक आणि संसदसदस्य होते. बँकांना सुट्टी देणारा १८७१ चा तिथला कायदा त्यांच्याच प्रयत्नाने झाला. हेच गृहस्थ दोन काचांच्या मधल्या अरुंद जागेत माती भरून तीत मुंग्या पाळत, आणि त्यांच्याकडील एक राणी मुंगी जवळजवळ पंधरा वर्षे जगल्याची नोंद आहे. स्वित्झर्लंडचे ऑग्यूस्त फोरेल हे मनोविकारतज्ज्ञ होते आणि मुंग्यांचे मोठे जाणकारही. फ्रान्सच्या फाब्र यांनी शाळेत शिकवून आणि पाठ्यपुस्तके लिहून संसार चालवला. अमेरिकेचे लँगस्ट्रॉथ धर्मोपदेशक होते. मधमाश्या पोळ्यांच्या मध्ये ये-जा करण्यासाठी एक सेंटिमीटरहून किंचित कमी फट मोकळी सोडतात आणि तेवढी फट ठेवली तर पेटीतील चौकटी मेणाने चिकटत नाहीत, हे त्यांनी १८५१ साली ओळखले. आज कोकणातला मधपाळ पेटीतून चौकट अलगद वर उचलतो, तेव्हा तो याच पाद्र्याची फट वापरत असतो.

किड्यांवरच जगलेली माणसेही होती, पण त्यांनी विकले ते निराळेच काही. मारिया सिबिला मेरियान या जर्मन चित्रकर्तीने लहानपणापासून रेशमाचे किडे पाळले आणि १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती सुरिनामला गेली. तिची मिळकत चित्रांची होती. हेन्री वॉल्टर बेट्स हा तरुण १८४८ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षे राहिला. तो लंडनच्या दलालामार्फत मेलेले, सुकवलेले नमुने विकत असे. परत आल्यावर त्याला भूगोलविषयक संस्थेत पगारी जागा मिळाली, तेव्हा कुठे त्याच्या संसाराला स्थैर्य आले.

आता या छंदाला नेमके लागते काय, ते पाहू, म्हणजे कोणत्या नोकरीशी त्याचे जुळते हे कळेल. पैसा फार लागत नाही. बरणी, मलमलचे फडके, पाण्याची फवारणी आणि ज्या झाडावर अळी जगते ते झाड, एवढ्यावर निभते. खरा खर्च होतो तो वेळेचा, आणि तोही एकदम नव्हे, तर थोडाथोडा आणि न चुकता. फुलपाखराची अळी वाढीच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत अधाश्यासारखी खाते. तेव्हा पाला दिवसातून दोनदा बदलावा लागतो आणि विष्ठा काढावी लागते, नाही तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते आणि सारी पिढी दोन दिवसांत काळी पडते. प्रार्थनाकीटकाला जिवंत भक्ष्य लागते. मुंग्यांची वसाहत त्या मानाने समंजस असते. तिला आठवड्यातून दोनदा साखरपाणी आणि एखादी मेलेली माशी दिली की पुरते. म्हणून फिरतीची नोकरी असलेले लोक मुंग्या पाळतात आणि ठरलेल्या वेळी घरी येणारे लोक अळ्या पाळतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. शिक्षकांचे प्रमाण जास्त दिसते त्याचे कारण एवढेच की त्यांची संध्याकाळ मोकळी असते आणि त्यांना बरणी शाळेत नेऊन दाखवण्याचे निमित्तही मिळते.

कोकणात याला ऋतूचा आणखी एक पदर आहे. हापूसच्या बागायतदाराची धावपळ मोहोर फुटल्यापासून, म्हणजे साधारण डिसेंबरपासून, मे अखेरीपर्यंत असते. समुद्रावर मासेमारीची बंदी जून-जुलैत येते, आणि किनाऱ्यावरची पर्यटकांची निवासस्थाने पावसात ओस पडतात. नेमक्या याच दिवसांत कीटकसृष्टी भरात असते. पहिल्या जोरदार सरीनंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा आणि मुंग्यांचा जो खच पडतो, तो म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वरातीतून उरलेली मंडळी. त्यातून पंख गाळलेली एखादी राणी मुंगी उचलावी, काचेच्या नळीत कापसाच्या बोळ्याने अडवलेले पाणी भरून तीत तिला ठेवावी आणि अंधार करावा. पुष्कळ जातींची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आतल्या आत विरघळवून ती पिल्लांना पोसते. पुण्या-मुंबईच्या छंदिष्टाला या एका संध्याकाळीसाठी रजा टाकावी लागते. आमच्या बागायतदाराला ती अंगणातच मिळते, आणि त्या दिवसांत त्याला दुसरे कामही नसते.

इथे कोणीही विचारील की मग हे किडे वाढवून विकावेत, शौकीन लोक घेतील की. हिशेब मांडून पाहू. युरोपातील शाळांत आणि प्रयोगशाळांत शंभरहून अधिक वर्षे जो काडीकिडा सर्रास पाळला जातो, त्याला तिथे 'भारतीय काडीकिडा' असेच म्हणतात. तो मूळचा तामिळनाडूतील पळणी डोंगरांतला. या जातीत नराची गरजच नसते. एकटी मादी आयुष्यात काही शे अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. समजा, मी एका गिऱ्हाइकाला एक मादी विकली. वर्षभरात त्याच्याकडे शेकडो पिल्ले होतात. तो माझ्याकडे पुन्हा येत नाही, उलट आपली पिल्ले फुकट वाटत सुटतो. म्हणजे प्रत्येक विक्रीगणिक माझे एक गिऱ्हाईक कमी होते आणि एक स्पर्धक वाढतो. जो माल गिऱ्हाइकाच्या घरी आपोआप शतपट होतो, त्याला भाव राहत नाही. ज्यांच्याकडे काडीकिडे आहेत त्यांची अडचण विकण्याची नसून, ते कोणाच्या गळ्यात बांधायचे, ही असते.

मुंग्यांच्या बाबतीत गणित अगदी उलटे आहे, आणि म्हणूनच ते घातक ठरले आहे. बहुतेक जातींच्या राण्यांचे मीलन आकाशात उडताना होते. ते बरणीत घडवून आणता येत नाही. त्यामुळे राणी हवी तर ती रानातूनच उचलावी लागते, तिला भाव येतो आणि भावापाठोपाठ चोरी येते. २०२५ साली केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे पाच हजार मुंग्यांसह पकडले गेले. कापूस घातलेल्या काचनळ्यांत त्यांनी राण्या भरून ठेवल्या होत्या आणि त्या युरोप-आशियातील शौकिनांच्या बाजारासाठी होत्या. न्यायालयाने त्यांना दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाची कैद सुनावली. आपल्या देशातही २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना भुंगेरे आणि फुलपाखरे गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक होऊन शिक्षा झाली होती.

कायद्याचे म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे, त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्याच्या परिशिष्टांत काही फुलपाखरांचीही नावे आहेत आणि ती पकडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून तर साधी मुंगीही उचलता येत नाही. परदेशातून जिवंत किडा मागवणे हे पिकांच्या संरक्षणासाठी १९१४ साली केलेल्या केंद्रीय कायद्याच्या आणि २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाच्या कक्षेत येते. टपालाने आलेला सुंदर परदेशी भुंगेरा उद्या बागेत सुटला, तर काय होईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून ही कडक बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. अंगणातल्या कढीपत्त्यावरची सामान्य अळी वाढवून फुलपाखरू सोडून देणे यात पैसा नाही, पण भानगडही नाही.

जपानमध्ये शिंगवाले भुंगेरे मुलांसाठी दुकानांत विकत मिळतात आणि त्यांचे पिढ्यान्‌पिढ्या संगोपन करणारे शौकीनही तेथे पुष्कळ आहेत. तेथेही नियमित खप असतो तो अळ्यांसाठी आंबवलेल्या लाकडी भुशाचा, भुंगेऱ्यांना चाटायच्या गोड जेलीच्या डब्यांचा आणि पेट्यांचा, कारण या वस्तू संपतात आणि पुन्हा घ्याव्या लागतात. आपल्याकडे त्याच कुळातला गेंडा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो म्हणून बागायतदार त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढतो आणि शेणखताच्या खड्ड्यातल्या त्याच्या गलेलठ्ठ अळ्या वेचून मारतो. एकाच्या पोराचे खेळणे ते दुसऱ्याच्या माडाचा काळ.

तेव्हा किड्यांपासून पैसा मिळतो तो तीन वाटांनी मिळतो. किडा जे बनवतो ते विकावे, किडा जे काम करतो त्याचे भाडे घ्यावे, किंवा किडा दुसऱ्या कोणाचे तरी खाद्य म्हणून विकावा. तिसरी वाट ऐकायला क्रूर वाटते, पण धंदा म्हणून तीच सर्वांत भरवशाची आहे, कारण खाल्लेला किडा गिऱ्हाइकाच्या घरी अंडी घालत नाही.

पहिल्या दोन वाटांचे उत्तम उदाहरण म्हणजे मधमाशी. कोकणात सातेरी ही पेटीत राहणारी आपली देशी माशी. आग्या आणि फुलोरी उघड्यावर पोळे करतात आणि पेटीत नांदत नाहीत. परदेशी मेलिफेरा मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्याचे मोठे पट्टे लागतात आणि पेट्या ट्रकने गावोगाव हलवाव्या लागतात. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. किलोला पाचशे रुपये धरले, तरी दहा पेट्यांचे उत्पन्न पंचवीस ते पन्नास हजारांच्या आसपास राहते, आणि त्यातून पेट्या, साखर आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करायचा. म्हणजे हा जोडधंदा झाला, नोकरी सोडण्याजोगा धंदा नव्हे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि घाटमाथ्यावरील मांघर हे २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. या संस्थांकडून प्रशिक्षण मिळते आणि ते घेतल्याशिवाय पेटी आणू नये.

किनाऱ्यावर या धंद्याच्या वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या महाबळेश्वरच्या अनुभवावरून कळत नाहीत. पहिली म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलांतले मध धुऊन गेलेले असते. या काळात साखरेचा पाक दिला नाही तर सातेरी सरळ पेटी सोडून निघून जाते. मेलिफेरापेक्षा ही खोड तिच्यात फार. अशक्त झालेल्या वसाहतीत मेणकिड्याच्या अळ्या शिरतात आणि पोळ्यांत जाळी विणून ठेवतात. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या नाहीत, तर हुमले, म्हणजे आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, आत घुसतात. दुसरी अडचण दमट हवेची. अन्नसुरक्षेच्या मानकाप्रमाणे मधात पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांहून जास्त असू नये, आणि आपल्या हवेत घाईने काढलेला, पोळ्यात मेणाने पुरता न झाकलेला मध हमखास त्याहून पातळ असतो व बाटलीत आंबतो. तिसरी अडचण शेजाऱ्याची. आंब्याच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात, त्या नेमक्या माशीच्या चरण्याच्या दिवसांत. पेटी आपली आणि कलमे दुसऱ्याची असतील, तर फवारणी कधी आहे हे आदल्या दिवशी कळावे एवढे तरी सख्य शेजाऱ्याशी असावे लागते.

परागीकरणासाठी पेट्या भाड्याने देण्याची पद्धत घाटावर कांद्याच्या बियाण्यासाठी आणि इतर पिकांसाठी रुळली आहे. कोकणात ती काजूच्या बागेत समजण्याजोगी आहे. आंब्याच्या मोहरावर मात्र मधमाश्यांपेक्षा साध्या माश्यांचीच गर्दी अधिक असते, आणि त्यांचे भाडे कोणी मागत नाही.

हुमल्यांचा उल्लेख आला आहे तर एक सांगतो. ज्यांना आपण फांदी तोडताना शिव्या घालतो, ते काजूच्या कोवळ्या फुटीवरचा ढेकण्या आणि इतर किडी खातात. ओडिशातील मयूरभंज भागात याच मुंग्यांची चटणी करतात. सिमिलीपालच्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि तेथील कुटुंबे घरटी बाजारात विकून पैसे मिळवतात. आपल्याकडे तोंडाला चावणारी मुंगी तोंडात घालण्याची कल्पना रुजेल असे मला वाटत नाही.

खाद्याच्या वाटेवर सध्या सर्वांत जास्त बोलबाला आहे तो ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीचा. तिच्या अळ्या ओला कचरा दोन-तीन आठवड्यांत फस्त करतात. सुकवलेल्या अळीत सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात आणि ती कोंबड्यांना व कोळंबी-माशांना खाद्य म्हणून देता येते. प्रौढ माशीला जवळजवळ खावे लागत नाही, म्हणून ती अन्नावर घोंघावत नाही. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यखाद्यात आणि २०२१ साली कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांची प्रथिने वापरण्यास परवानगी दिली, तेव्हापासून या धंद्यात मोठे भांडवल उतरले. कोकणातल्या मासळीबाजारांत आतडी आणि खवले यांचा ढीग रोज पडतो, म्हणून हा धंदा इथे सहज चालेल असे पुष्कळांना वाटते. पण नुसत्या मासळीच्या ओल्या, तेलकट कचऱ्यावर अळ्या नीट वाढत नाहीत. त्यात कोंडा किंवा भाजीचा कचरा मिसळून पाणी बेताचे राखावे लागते, आणि शेजाऱ्यांच्या नाकाचा प्रश्न राहतोच. लहान प्रमाणावर मीलवर्म नावाच्या अळ्या वाढवून पक्षी आणि अरोवाना मासे पाळणाऱ्यांना विकणारे लोक आहेत. शौकिनांपैकी ज्यांना महिन्याकाठी काही मिळते, ते बहुधा हेच.

याखेरीज पगारी नोकरी म्हणून किडे वाढवण्याचे एक सबंध जग आहे, त्याची माहिती छंदिष्टांनाही नसते. भातावरच्या खोडकिड्याविरुद्ध शेतात सोडायची ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि ती किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ती वाढवायची तर आधी धान्यातला एक पतंग भरडलेल्या ज्वारीवर हजारोंनी वाढवावा लागतो, त्याची अंडी गोळा करून कागदावर चिकटवावी लागतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडावी लागते. अशा एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. हे काम करणाऱ्यांना पतंगांच्या पंखांवरील खवल्यांमुळे शिंका आणि दमा यांचा त्रास होतो, म्हणून तोंडावर पट्टी बांधल्याशिवाय त्या खोलीत जाऊ नये असा दंडक असतो. गोव्यात मलेरिया संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचे क्षेत्रीय केंद्र आहे. अशा ठिकाणी सत्तावीस अंशांच्या आसपास तापमान आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता राखून डास वाढवतात. अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांची पूड आणि यीस्ट, नर-माद्यांना साखरपाणी आणि अंडी घालण्यासाठी माद्यांना रक्त. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात तर 'कीटक समाहारक' असे पदच आहे. पहाटे घरोघर जाऊन भिंतीवर बसलेले डास नळीने ओढून गोळा करायचे हे त्याचे एक काम. किडे पाळणाऱ्याला वाटते की हे आपल्या मनाजोगे आयुष्य, पण या नोकऱ्यांत एकाच जातीचे लाखो जीव एकसारखे वाढवायचे असतात आणि शेवटी बहुधा मारायचे किंवा सोडून द्यायचे असतात. बरणीतली एकच अळी कशी वागते हे पाहत बसण्याला तिथे वेळ नसतो.

तरुण मुले विचारतात की याच विषयात करिअर करायचे तर कसे? सरळ मार्ग दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून जातो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात कृषीची पदवी घेऊन पुढे कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. फळमाशीसाठी आंबा बागांत टांगला जाणारा 'रक्षक सापळा' इथलाच. दुसरा मार्ग प्राणिशास्त्राचा. तिसरा, आणि कोकणात वाढत चाललेला, मार्ग म्हणजे लोकांना किडे दाखवण्याचा. आंबोलीत पावसाळ्यात रात्रीच्या फेरीला येणाऱ्या पाहुण्यांना वाटाड्या लागतो, आणि ठाण्याजवळ ओवळे गावात एका शिक्षकाने कुटुंबाच्या जमिनीवर फुलवलेली फुलपाखरांची बाग पाहायला लोक येतात. तिथे फुलपाखरे पिंजऱ्यात नसतात; पानफुटी, रुई, कढीपत्ता, ईश्वरी अशी त्यांची खाद्यझाडे लावलेली असतात आणि ती आपणहून येतात. ज्याच्याकडे वडिलोपार्जित वाडी आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, त्याला हा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आहे, कारण इथे किडा विकावा लागत नाही, फक्त त्याच्या येण्याची सोय करावी लागते.

एवढे ऐकूनही ज्याला आपली नोकरी सांभाळून सुरुवात करायची असेल, त्याला मी अळ्यांऐवजी सातेरीच्या पेट्या सुचवतो, आणि त्या दिवाळीनंतर घ्याव्यात, पाऊस गेलेला आणि फुलोरा पुढे असताना. आठवड्यातून एक रविवार सकाळ पुरते. मात्र एकच पेटी घेऊ नये, दोन घ्याव्यात. एकीतली राणी मेली, तर दुसरीतून ताज्या अंड्यांची एक चौकट काढून पहिलीत ठेवता येते आणि कामकरी माश्या त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांपैकी काहींना पोसून नवी राणी तयार करतात. एकच पेटी असेल, तर ती चौकट मागायला भर उन्हात दुसऱ्या गावच्या मधपाळाकडे जावे लागते, आणि तोही बहुधा त्या वेळी त्याच्या कचेरीत असतो.